गांवकार म्हणजे गावकरी नव्हे

साताऱ्याहून गोव्यात, तिसवाडीतल्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवायला आले, त्याच वर्षी स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडे आली. शाळेबाहेरच्या फळ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'समस्त गावकऱ्यांना आग्रहाचे निमंत्रण.' आमच्याकडे जत्रेच्या पत्रिकेवर असंच छापतात.

तिसरीतल्या एका मुलीचे आजोबा संमेलनाला आले नाहीत. नातीला रोज शाळेत सोडणारा, तिची कविता घरी पाठ करून घेणारा माणूस! दुसऱ्या दिवशी मी कारण विचारलं. त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "टीचर, आमी गांवकार न्हय."

मला काही उमगेना. त्यांचा जन्म ह्याच गावचा, त्यांच्या वडिलांचाही. माझा गोंधळ बघून ते म्हणाले, "मराठींत चलता. पूण हांगा गांवकार म्हळ्यार वेगळें."

वेगळं म्हणजे काय, ते संध्याकाळी घरमालकांनी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत बसून समजावलं. ते स्वतः गांवकार आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवलं, खाडीला बांध घालून खारं पाणी अडवलं आणि खाजन जमीन भातशेतीला आणली, त्यांचे वंशज म्हणजे गांवकार. जमीन एकट्यादुकट्याची नव्हे, साऱ्यांची मिळून. तिचा कारभार पाहते ती गांवकारी. पोर्तुगीज अमलात तिचं नाव पडलं कोमुनिदाद. शेतं पावणीला, म्हणजे लिलावाला काढायची. आलेल्या पैशांतून सारा भरायचा, बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) दुरुस्त करायच्या, देवस्थानाचा खर्च भागवायचा. उरेल ते गांवकारांनी वाटून घ्यायचं. ह्या वाट्याला झोण म्हणतात. ही रीत पोर्तुगीजांच्याही आधीची. तिसवाडीतले रिवाज त्यांनी 1526 साली लिहून काढले, त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. चर्चेस आली, धर्म बदलले, तरी गांवकार हा शब्द टिकला. माझे घरमालक ख्रिस्ती आहेत आणि आपण कुठल्या वांगडाचे, म्हणजे कुळाचे, हे ते आजही सांगतात.

मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं मी खरोखर चक्रावले. त्यांचा पुतण्या मुंबईत जन्मला, तिथेच वाढला, सुटीपुरता इथे येतो. तो गांवकार. त्यांची मुलगी ह्याच घरात वाढली, पण हा हक्क बापाकडून मुलाकडे जातो. म्हणून ती नाही. आणि सत्तरी ओलांडलेले, गावाबाहेर कधी न राहिलेले ते आजोबाही नाहीत.

आजोबांच्या घराण्यासाठी शब्द आहे मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या भाटात (माडांच्या बागायतीत) त्याच्या परवानगीनं घर करून राहणारा, बदल्यात माडांची राखण करणारा, हाक आली की कामाला जाणारा. भाटकार रुसला तर डोक्यावरचं छप्पर जायचं. ती भीती कमी झाली 1975 च्या कायद्यानं. मुंडकाराला घरातून हुसकायला बंदी आली आणि घर विकत घ्यायचा हक्कही मिळाला. आजोबांचं घर आता त्यांच्या नावावर आहे. ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो. तरीही ते गांवकार झाले नाहीत, कारण तो शब्द राहण्यानं मिळतच नाही.

मी आणखी शब्द गोळा करू लागले. गोंयकार म्हणजे गोव्याचा माणूस. त्यातला अस्सल तो निज गोंयकार. ह्या शब्दाची हद्द मात्र बोलणाऱ्यागणिक बदलते. कुणी भाषेवरून ठरवतं, कुणी 1961 च्या मुक्तीआधी घराणं इथे होतं का ते बघतं. बाहेरून आलेला तो भायलो, आणि सह्याद्रीपलीकडून आलेला घाटी. हा शब्द बाजारात पहिल्यांदा माझ्यासाठी वापरला गेला तेव्हा मला लागलं. अजूनही लागतं. तो शब्द मायेनं उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही.

"तुमी खंयचे?" (तुम्ही कुठले?) ह्या प्रश्नाला मी सुरुवातीला "शाळेमागच्या वाड्यावरची" असं उत्तर द्यायचे. विचारणारा थांबून राहायचा. त्याला माझा पत्ता नको होता, मूळ गाव हवं होतं. पणजीत सारा जन्म काढलेला माणूसही इथे उत्तरात वडिलांचं गाव सांगतो. आता मी सरळ सातारा सांगते.

गांवकार ह्या शब्दाबद्दल माझ्या मनात आदर आहे. खाडीशी झुंजून ज्यांनी भात पिकवलं, त्यांची आठवण एखाद्या शब्दानं धरून ठेवावी, हे योग्यच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या गावात राबलेल्या, स्वतःची जमीन नसलेल्या माणसासाठी तेवढ्याच मानाचा शब्द मला इथे सापडला नाही. आमच्या मराठीतल्या 'गावकरी'त तो माणूस मावतो, म्हणून त्या शब्दाची किंमत मला सातारा सोडल्यावर कळली.

ह्या वर्षी फळ्यावर लिहिण्याआधी मी आजोबांनाच विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "गांवांतल्या सगळ्या लोकांक." तसंच लिहिलं. गोव्यात नव्यानं येणाऱ्या मराठी माणसांना माझी एकच विनंती आहे: इथे 'गावकरी' लिहिण्याआधी शेजाऱ्याला विचारा.