पट्ट्याचं दुसरं टोक

सह्याद्रीत गडावर मुक्कामाला जाताना कुत्रं न्यावं लागत नाही, ते आपणहून येतं. गुंजवण्यातून राजगडाची वाट धरली की गावातलं एखादं पुढे चालू लागतं, वळणावर थांबून मागचे आले का ते बघतं, भाकरीचा तुकडा खाऊन देवळापाशी अंग मुडपून झोपतं आणि सकाळी सोबत उतरतं. काळजी असते ती बिबट्याची. म्हणून रात्री त्याला माणसांच्या जवळ घ्यायचं, एवढाच तिथला नियम.

ऑकलंडच्या उत्तरेकडच्या अल्बनीत राहणाऱ्या आम्ही मित्रमंडळींनी कुत्र्यांना घेऊन पहिल्यांदा तंबूत राहायचं ठरवलं, तेव्हा जागा मिळवण्यातच बरेच दिवस गेले. राष्ट्रीय उद्यानांत पाळीव कुत्र्यांना नेता येत नाही. जवळची शेक्सपिअर आणि तावारानुई ही उद्यानं तर उंदीर-घुशींनाही अडवणाऱ्या कुंपणाने राखलेली. तिथे कुत्र्यांना मज्जावच. शेवटी वेल्सफर्डपलीकडच्या एका शेतकऱ्याने आपलं कुरण दिलं. दोन अटी होत्या : कुत्रे मोकळे सोडायचे नाहीत, आणि त्यांना जंताचं औषध दिलेलं हवं. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका कृमीमुळे मेंढ्यांच्या मांसात गाठी होतात आणि शेजारच्याच कुरणात त्याची मेंढरं होती. मेंढरांवर तुटून पडणाऱ्या कुत्र्याला जागीच मारण्याची मुभा इथला 1996 चा कायदा देतो.

आमचा खंड्या लॅब्रेडोर, मैत्रिणीचा मोती बॉर्डर कॉली. एक जण तंबूच्या खुंट्या ठोकतोय, तर दुसऱ्याच्या हातात दोन्ही पट्टे. गॅसच्या शेगडीवर थालीपीठं लागली, तेव्हा मुलांना बजावलं, ‘‘कांदा आहे हं त्यात, खंड्याला चुकूनही देऊ नका.’’ कांदा कुत्र्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कुत्र्यांना सोडून कुणालाच दूर जाता येत नव्हतं. त्यामुळे सगळे एकाच वर्तुळात बसून राहिलो आणि एरवी वाढदिवसांच्या गर्दीत अर्धवट राहणाऱ्या गप्पा त्या रात्री पुऱ्या झाल्या.

अंधार पडल्यावर झाडीतून रुरू घुबडाची साद आली. खंड्या उठला. कान ताठ, नाकपुड्या हलत्या, पुढचा एक पाय हवेत. माझ्या तळहाताभोवती गुंडाळलेला पट्टा हळूहळू ताणत गेला आणि त्याच्या छातीतली थरथर त्यातून माझ्या मनगटापर्यंत आली.

‘‘सोड ना गं त्याला जरा,’’ एक मित्र म्हणाला, ‘‘कोण बघतंय इथे?’’

मी पट्टा धरून ठेवला.

माणूस येण्याआधी या भूमीवर सस्तन प्राणी म्हणजे जवळजवळ वटवाघळंच. इथल्या पक्ष्यांना भीती होती ती आकाशातल्या शिकाऱ्यांची. वास घेत जमिनीवरून येणारा शत्रू त्यांना ठाऊक नव्हता. माओरींचे पूर्वज होड्यांतून कुरी नावाचा कुत्रा घेऊन आले, पुढे युरोपीय लोकांनी आपले आणले. किवीला उडता येत नाही. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीवर असतो तसा हाडाचा कणा त्याला नाही, त्यामुळे कुत्र्याने खेळता खेळता तोंडात धरलं तरी तो मरू शकतो. 1987 मध्ये वायतांगीच्या जंगलात एकच जर्मन शेफर्ड मोकाट सुटला. रेडिओ-खूण लावलेल्या 24 किवींपैकी 13 मारले गेले. तिथल्या सुमारे 900 किवींपैकी 500 पर्यंत किवी त्या एका कुत्र्याने दीडेक महिन्यात संपवले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज होता.

तो कुत्रा दुष्ट नव्हता. सह्याद्रीत कुत्रा हे बिबट्याचं भक्ष्य आहे. इथे तोच जंगलातला शिकारी होतो. प्राणी तोच आणि आपली मायाही तीच, पण जबाबदारी पार उलटी. तिथे कुत्र्याला जंगलापासून जपायचं, इथे जंगलाला कुत्र्यापासून. परमुलखात घर केलेल्या माणसाने हे मनापासून शिकायला हवं, असं मला वाटतं. आपलं प्रेम निर्मळ आहे म्हणून ते सगळीकडे निरुपद्रवी ठरतं असं नाही. कुणाच्या भूमीवर आपण उभे आहोत, हे पाहूनच त्याची रीत ठरते.

आणि कुत्र्याचं नाक पक्ष्यांच्या मुळावरच यावं असंही नाही. 1890 च्या दशकात रिचर्ड हेन्री हा वनरक्षक डस्की साउंडच्या रानात तोंडाला मुसकं बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो आणि किवी शोधत असे आणि होडीने त्यांना रेझोल्यूशन बेटावर सोडून येत असे. स्टोट हे छोटे शिकारी प्राणी पोहत त्या बेटावर पोचले आणि त्याचे कष्ट वाया गेले, पण कल्पना टिकली. आजही इथे प्रशिक्षित कुत्रे दुर्मीळ पक्षी शोधून देतात.

पुढचा मुक्काम आणखी उत्तरेला, किवींच्या मुलखाजवळ करायचा आहे. त्याआधी दोन्ही कुत्र्यांना किवीचा वास आला की मागे फिरायला शिकवणारं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तरीही पट्टा हातात राहीलच. खंड्याला त्याचं कारण कधीच कळणार नाही. ते कळणं आणि पाळणं हा त्याला सोबत नेण्याच्या आनंदातला माझा वाटा आहे, आणि तो मला जड वाटत नाही.