वीस मिनिटांचा हिशेब

‘आपण काय करता?’ असे कुणी विचारले की मी जरा घुटमळते. शिक्षिका म्हणावे तर वर्गात शिकवीत नाही. डॉक्टरीण म्हणावे तर नाडी कळत नाही. ‘कॉलेजातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांची सल्लागार,’ असे सांगितले की समोरच्या बाई मान तिरकी करून ‘अगबाई, केवढं पुण्याचं काम!’ म्हणून मोकळ्या होतात. पुण्याचा हिशेब चित्रगुप्त ठेवीत असेल. माझा दिवस मात्र मिनिटांचा हिशेब करण्यात जातो.

आमच्या खोलीवर ‘समान संधी कक्ष’ अशी पाटी आहे. येथे येणारी सगळीच मुले काठी टेकीत किंवा चाकांच्या खुर्चीतून येतात असे समजू नका. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. त्यामुळे बोलण्यात वाघ, पण चार ओळी लिहिताना घाम फुटणारा मुलगाही येतो आणि थॅलेसेमियामुळे रक्त घ्यायला जावे लागते म्हणून तास बुडणारी मुलगीही. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा या मुलांसाठी राखून ठेवाव्यात, असे कायदा सांगतो. जागा मिळते हो! पुढे जिने असतात, फळ्यावर लिहून पुसणारे प्राध्यापक असतात आणि शेवटी परीक्षा असते.

मागे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी अर्थशास्त्राची, हुशार. पण दृष्टी इतकी अधू की भिंगाखाली एका वेळी दोनच शब्द मावत. पहिल्या सत्रात तिने कुणाला न सांगता भिंग घेऊन पेपर लिहिले. निम्मे प्रश्न कोरे राहिले आणि दोन विषय गेले. मी लेखनिकाचे सांगितले. लेखनिक घेणाऱ्याला तासाला निदान २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास, हेही सांगितले.

गृहस्थ ताठ झाले. “सवलत नको. उद्या लोक म्हणतील, चार तास बसून पास झाली. यंदा जमलं नाही तर घरी बसेल.”

मुलगी खाली मान घालून भिंगाच्या दांडीशी चाळा करीत होती.

या ‘सवलत’ शब्दाचा मला मनापासून राग आहे. रेशनच्या दुकानात मापापेक्षा मूठभर जास्त मिळावे, तसा तो वाटतो. मी विचारले, “आपण कचेरीत काय करीत होता?”

“मसुदे सांगण्यात जन्म गेला माझा!”

“मग डोळे मिटा आणि मला एक अर्ज सांगा. तीन कलमं, खाली लहानसा तक्ता. मी सांगाल तेवढंच लिहिणार.” लेखनिकाला तसेच करावे लागते, पदरचा शब्द घालून चालत नाही.

पहिले कलम झोकात झाले. दुसऱ्यात ते थबकले. “कुठवर आलं? वाचा पाहू.” मी वाचले. “नाही, ते वाक्य खोडा. त्याच्या वरचं काय होतं?” पुन्हा वाचले. तक्त्याशी आल्यावर तर गाडी रुतलीच. किती रकाने, कोणता आकडा कुठल्या रकान्यात, मी विचारीत होते आणि ते हवेत बोटाने रेघा ओढीत होते. मुलीला हसू आवरेना.

“बाबा, मला मागणी वक्र सांगावा लागेल. डावीकडून वरून निघून उजवीकडे खाली येणारी रेघ. लिहिणारीला अर्थशास्त्र येत नसणार, म्हणून अक्षांची नावंसुद्धा अक्षर अक्षर सांगायची.”

गृहस्थांनी डोळे उघडले, घड्याळाकडे पाहिले आणि रुमालाने कपाळ पुसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, “लिहिणारी कुठून मिळते?”

तीच तर खरी डोकेदुखी! लेखनिक उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा, अक्षर सुवाच्य हवे आणि नेमकी त्याच सकाळी त्याच्या आत्याची मुंज नसावी. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘विकास कुमार’ खटल्यात सांगितले, की अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. निकाल फार चांगला. पण न्यायालय काही सकाळी साडेदहाला लेखनिक आणून बसवीत नाही. त्यासाठी मी फोन करते, शेजारणींच्या बारावीतल्या मुलींना गळ घालते आणि एक राखीव ठेवते.

त्या मुलीसाठी राखीवच कामी आली. ठरलेली तापाने आडवी झाली होती. पेपरापूर्वी दोघींना मी एकत्र बसवून आकृत्यांचा सराव करून घेतला.

दीड वाजता घंटा झाली. बाकीची मुले भराभर पांगली, वर्ग रिकामे झाले. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवीत त्या एका खोलीपुढे येरझारा घालू लागला. बाहेरच्या बाकावर गृहस्थ सकाळपासून बसून होते. ते उठले.

“बसा हो,” ते त्याला म्हणाले, “अजून पंचावन्न मिनिटं आहेत तिची.” आणि थर्मासमधला चहा त्यांनी त्याच्यापुढे केला.