ताडोबाचें कुरण

भूगोलाच्या तासास सॅव्हाना प्रदेशाचें वर्णन आम्ही गेलीं कित्येक वर्षें करीत आलों आहों. उंच गवत, विरळ झाडें, हत्तींचे कळप, दीर्घ कोरडा ऋतु: सारें तोंडपाठ आहे. गतवर्षीं पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाचा नकाशा फळ्यावर काढून आम्ही तेथील मोले राष्ट्रीय उद्यानाची व त्याच्या शेजारच्या लाराबांगा गांवांतील माती-लाकडाच्या प्राचीन मशिदीची माहिती सांगत होतों. इतक्यांत आठवींतील एका मुलानें हात वर केला. "सर, तुम्ही हे पाहिलंय?"

आम्हीं पाहिलें नव्हतें, व तसें कबूल केलें. परंतु कबुलीनें वर्गांत जी कुजबुज झाली तिची भरपाई करण्याच्या भरांत आमच्या तोंडून निघून गेलें, "आफ्रिका राहूं दे. तुम्हांला ताडोबास नेतों आणि वाघ दाखवितों." अरण्यांतील वाघाच्या वतीनें वचन देण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला होता, हा विचार त्या वेळीं सुचला नाहीं.

असो. माघ महिन्यांत दहा मुलें, एक सहशिक्षक व आम्ही असे बारा जण नागपुराहून निघालों. चंद्रपूर येथून सुमारें 150 किलोमीटर आहे. 1964 पर्यंत त्या शहरास चांदा म्हणत. आमच्या वडिलांच्या तोंडीं शेवटपर्यंत चांदाच होतें. तीसऱ्या प्रहरीं पोहोंचलों व मुलांस गोंड राजांचा परकोट दाखविला. जटपुरा वेशीवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. तें त्या राजांचें चिन्ह. "सर, एक सिंह तर झाला!" असें म्हणून एका खट्याळ मुलानें वहींत नोंदही करून टाकली. राणी हिराईनें आपला पति बीरशाह याच्या स्मरणार्थ बांधलेली समाधि सांजवेळीं पाहिली. आमचें नागपूरही देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानें वसविलें, हें सांगतांच महाल भागांत राहणाऱ्या मुलांनीं माना ताठ केल्या.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मोहर्लीच्या फाटकावर थंडीनें दांत वाजत होते. तेथें मोबाईल जमा करावे लागले. वडील माणसांस जेवढें जड गेलें तेवढें मुलांस गेलें नाहीं. दोन जिप्सी गाड्यांतून आंत शिरलों. पुस्तकी अर्थानें ताडोबा हा सॅव्हाना नव्हे. तें साग व बांबू यांचें पानझडी अरण्य आहे. ऐन, तेंदू, मोह अधूनमधून भेटतात. 1955 सालीं 116.55 चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान येथें झालें. आजच्या महाराष्ट्रांतील तें सर्वांत जुनें. पुढें 1986 सालचें अंधारी अभयारण्य त्यास जोडून व्याघ्रप्रकल्प झाला. वाटेच्या कडेनें जुने दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळीं त्यांस दोर व घंटा बांधून राजाच्या आगमनाची वर्दी पुढें पोहोंचवीत, असें सांगतात.

चितळांचे कळप दिसले. सांबर दिसलें. रानगव्यांचा एक कळप बांबूच्या बेटांतून असा संथपणें बाहेर आला, कीं सदैव बडबडणारीं आमचीं मुलें दहा मिनिटें गप्प बसलीं. शिक्षकाच्या नोकरींत असा योग विरळा! परंतु वाघ कांहीं दिसेना. पाऊलखुणा दिसल्या, माकडाची सूचना ऐकूं आली, गाड्या धांवल्या, थांबल्या, आणि परत फिरल्या. मुलें वाघाची वाट पाहत होतीं. आम्ही मात्र घड्याळ पाहत होतों.

अशा वेळीं आमच्या वाटाड्यानें गाडी एका विस्तीर्ण कुरणापाशीं उभी करविली. सभोंवार पिवळें गवत, मधून एखादें मोठें झाड, दूर चितळें. आमच्या फळ्यावरचें चित्र जणूं तेथें उतरलें होतें! वाटाड्या कांहीं न बोलतां एकाच बाजूस पाहत राहिला. आमचा धीर सुटला. "येथें मोकळ्या रानांत काय आहे? वेळ जातो आहे. जेथें वाघ असेल तेथें चला," असें आम्ही कठोर स्वरांत बोललों; मुलांसमक्ष बोललों.

तो पन्नाशीचा गृहस्थ रागावला नाहीं. "गुरुजी, हे जामणी. त्या मोहाच्या मागं आमचं घर होतं."

जामणी हें गांव व्याघ्रप्रकल्पाच्या गाभाक्षेत्रांतून बाहेर हलविण्यांत आलें, हें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. कोळसा, बोटेझरी, नवेगांव यांचींही नांवें वाचलीं होतीं. परंतु नांव वाचणें वेगळें. घरें गेलीं, शेतें पडीत झालीं, त्यांवर गवत वाढलें, गवतामागें चितळ आले व चितळामागें वाघ. ज्यास आम्ही मोकळें रान म्हणालों तें त्याच्या बापाचें शेत होतें.

आम्हीं क्षमा मागितली. मग मुलेंच विचारूं लागलीं: शाळा कोठें होती? विहीर कोठें? त्यानें बोटानें एकेक जागा दाखविली. "नव्या गावी सुख नाही का?" एकीनें विचारलें. तो क्षणभर थांबला. "आहे ना, बाई. दवाखाना जवळ आहे, शाळा आहे, रात्री वाघाचं भ्या नाही. आई मात्र शिमगा झाला की विचारते, आपल्या मोहाची फुलं पडू लागली काय रे?"

परततांना तलावाच्या कांठचें तारूदेवाचें स्थान दुरून दाखवून त्यानें कथा सांगितली. तारू हा गोंडांचा मुखिया वाघाशीं झुंजतांना पडला व देव झाला. त्याच्याच नांवावरून हें ताडोबा. पौषांत येथें मोठी जत्रा भरे. एरवीं आम्ही या कथेंत वाघ कोठें आहे तेवढेंच विचारलें असतें.

घरीं आल्यावर मोलेविषयीं पुन्हां वाचलें. 1971 सालीं तें राष्ट्रीय उद्यान ठरलें तेव्हां तेथील थोडी वस्तीही बाहेर हलविली होती. हें वाक्य आमच्या टिपणवहींत पूर्वींपासून होतें. वर्गांत तें आम्ही वेळेअभावीं गाळीत असूं.

सहलीचे निबंध आले. सात मुलांनीं वाघ न दिसल्याचें दुःख सविस्तर लिहिलें. दोघांनीं तो दिसल्याचेंही लिहिलें! ज्यानें प्रथम तो प्रश्न विचारला होता, त्यानें मात्र ताडोबाचा नकाशा काढला होता. त्यांत कुरण होतें, मोहाचें झाड होतें, व त्याच्या मागें पेन्सिलीनें काढलेलें एक लहानसें घर. नकाशांत उत्तर दिशा चुकली होती. ती आम्हीं लाल शाईनें दुरुस्त केली. घरास हात लाविला नाहीं.