औषधांचा डबा

प्रत्येक घरांत एक तरी वैद्य असतो, आणि आमच्या घरीं तो मान आम्हीं स्वतःच बळकावला होता. पदवी नव्हती, होता तो एक पत्र्याचा डबा. कोणास पडसें झालें, कोणाचा घसा धरला, कीं डब्यांतून मागील खेपेच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या निघत. पडसें चार दिवसांनीं आपल्या पायांनीं जाई आणि यश आमच्या पदरीं पडे.

गेल्या पावसाळ्यांत मातोश्रींस न्युमोनिया झाला. इस्पितळांत पहिलें औषध लागू पडेना, दुसरेंही पडेना. तिसऱ्या दिवशीं थुंकीच्या तपासणीचा कागद आला. क्लेब्सिएला नांवाचा जंतु, आणि त्याच्याखालीं औषधांची लांबच लांब यादी. ज्यापुढें ‘एस्’ तें औषध लागू. ज्यापुढें ‘आर्’ त्यास जंतु दाद देत नाहीं. निकालाच्या यादींत आपल्या मुलाचा नंबर शोधावा तसे आम्ही ‘एस्’ शोधीत होतों. ‘आर्’च्या रांगेंत आमच्या डब्यांतील दोन ओळखीचीं नांवें दिसलीं!

आमची भाची सूक्ष्मजंतुशास्त्र शिकलेली. आजीच्या खाटेशीं बसून ती म्हणाली, “मामा, जंतु कशानें मरत नाहीं तेवढेंच हा कागद सांगतो. कां मरत नाहीं, आणि ही विद्या त्यानें कोठून आणली, हें पाहायचें तर त्याचीं जनुकेंच वाचावीं लागतात.”

तिच्या सांगण्याचा सारांश असा कीं, हा जंतु म्हणजे चारच वर्णांत लिहिलेला सुमारें पन्नास लाख अक्षरांचा ग्रंथ. प्रत्येक पिढींत त्याची नक्कल होते आणि क्वचित् एखादें अक्षर चुकतें. पुण्यास भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं महाभारताच्या पोथ्यांची वंशावळ पाठभेदांवरून लावली. तशीच या चुकांवरून जंतूंची लागते.

अमेरिकेंत बेथेस्डा येथील सरकारी संशोधन-रुग्णालयांत २०११ सालीं असेंच झालें. क्लेब्सिएलाचा दुर्दम जंतु असलेली एक रोगी बाई तेथें आली, वेगळी ठेवली गेली आणि घरीं गेली. कांहीं आठवड्यांनीं दुसऱ्या रोग्यांत तसाच जंतु सांपडला. एकंदर १८ रोगी झाले. त्यांपैकीं ६ जणांचे प्राण या जंतूनेंच घेतले. जनुकें वाचल्यावर ठरलें कीं, सारे जंतु त्या पहिल्या बाईच्याच जंतूचे वंशज. ज्या क्रमानें रोगी सांपडले त्या क्रमानें रोग पसरलाच नव्हता!

यांत दैवाची एक गंमत आहे. १९२८ सालीं एकाच लंडन शहरांत दोन गोष्टी घडल्या. फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सांपडलें. आणि न्युमोनियाच्या जंतूंवर प्रयोग करीत असलेल्या ग्रिफिथ यांनीं दाखविलें कीं, मेलेल्या घातक जंतूंचा गुण जिवंत निरुपद्रवी जंतु उचलतात. तो गुण वाहणारें द्रव्य म्हणजे डीएनए, हें न्यूयॉर्कला एव्हरी व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९४४ सालीं सिद्ध केलें. म्हणजे औषध आणि त्यावर मात करण्याची जंतूंची एक युक्ति, दोहोंचा शोध एकाच सालचा. पुढें १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांत फ्लेमिंग यांनींच बजावलें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधाला सरावतात. आमचा डबा त्यानंतर कित्येक वर्षांनीं भरला, हें कबूल केलेंच पाहिजे.

तिसऱ्या औषधानें मातोश्रींस उतार पडला. एका संध्याकाळीं आम्हीं भाचीला हळूच विचारलें, “आजीचा जंतु आमच्याच डब्यावर शिकला काय?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. “तें आतां कोण सांगणार, मामा? त्याची पोथी कोणीं वाचलीच नाहीं. इस्पितळांतला असेल, बाहेरचाही असेल. पण पडशाला त्या गोळ्यांचा कांहींच उपयोग नव्हता, एवढें मात्र नक्की.”

‘तुमचा दोष नाहीं’ असें ती म्हणाली असती तर बरें वाटलें असतें. ती म्हणाली नाहीं, याबद्दल आतां आम्हांस तिचा आदर वाटतो.

परवां मातोश्रींस पडसें झालें. त्या म्हणाल्या, “तुझ्या डब्यांतलें कांहीं दे रे.” आम्हीं डबा उघडून दाखविला. आंत सुईदोरा आहे. मग आम्ही आल्याचा काढा करावयास उठलों.