पहिल्या क्रूझआधी विचारायचे प्रश्न

अब्बांनी 28 वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी केली. इंजिन-खात्यात ते तेलवाला होते. दहा-दहा महिने घराबाहेर असायचे. परत आले की आम्ही भावंडे विचारायचो, ‘‘अब्बा, समुद्र कसा दिसतो?’’ ते हसून म्हणायचे, ‘‘समुद्राच्या पोटात काम करतो रे, समुद्र दिसतोय कुठे!’’ अम्मी बाजूला बसून ऐकत राहायची. इतक्या वर्षांत तिने त्यांचे जहाज पाहिले ते मुंबईच्या गोदीच्या फाटकाबाहेरून, तेही दोनदाच.

अब्बांना जाऊन सहा वर्षे झाली. मागच्या ईदनंतर एका संध्याकाळी अम्मी सहज बोलून गेली, ‘‘एकदा आतून जहाज बघायचं राहिलं.’’ एवढ्यावरून आमच्या घरात क्रूझचा विषय निघाला आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण, अम्मी, आम्ही दोघे आणि दोन मुले, मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन आलो. चार रात्री, पाच दिवस.

आम्ही दोघेही शिक्षक. अशा आलिशान जहाजावर आमच्या नात्यातले कोणी प्रवासी म्हणून गेलेले नव्हते. नोकरीला मात्र बरेच गेले. त्यामुळे विचारायचे कोणाला हाच प्रश्न होता. काही गोष्टी आधी विचारल्या म्हणून सुखरूप झाल्या, काही विचारायच्या राहिल्या आणि त्रास झाला. त्या येथे लिहितो. कोणाच्या तरी उपयोगी पडतील, इन्शाअल्लाह.

आधी नियत, मग खर्च

शेजारच्या खालांनी पहिल्याच दिवशी विचारले, ‘‘हज बाकी असताना क्रूझ?’’ प्रश्न रास्त होता. अम्मीचा हज अब्बांबरोबर झालेला आहे. आमच्या दोघांचा बाकी आहे. त्याचे पैसे वेगळ्या खात्यात साठत आहेत आणि त्याला हात लावायचा नाही हे आम्ही आधी ठरवले. दलालाने सोप्या हप्त्यांची योजना दाखवली. त्यात व्याज होते, म्हणून नको म्हटले आणि दीड वर्ष थांबून रोख रक्कम जमवली. एवढे करूनही इस्राफ होतोय का, हा विचार मनातून गेला नाही. शेवटी अम्मीला विचारले. ती म्हणाली, ‘‘सोन्याची बांगडी करण्यापेक्षा हे बरं.’’

आता आकड्यांचे. जाहिरातीत दिसतो तो दर माणशी असतो, आणि तोही एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून. त्यावर बंदराचे शुल्क, जीएसटी आणि नोकरवर्गासाठी दर रात्रीचा ठरलेला सेवाआकार चढतो. आमच्या बाबतीत जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष भरलेला आकडा यांत जवळपास तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडला. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : सगळे धरून शेवटचा आकडा किती, आणि तो लेखी द्याल का?

दुसरा प्रश्न : यात काय आहे आणि काय नाही? मुख्य भोजनगृहातले जेवण बहुतेक तिकिटात असते. खास उपाहारगृहे, थंड पेयांच्या बाटल्या, वाय-फाय, किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे बहुधा वेगळे. जहाजावर रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर खर्च नोंदवला जातो. आमच्या धाकट्याने पहिल्याच दिवशी त्या कार्डावर तीन वेळा आइस्क्रीम घेतले! दुसऱ्या दिवशी स्वागतकक्षात जाऊन मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घेतली. तुम्ही ते चढल्याबरोबर करा.

मोबाइल विमान मोडवर ठेवा. किनारा सुटला की जहाजाचे स्वतःचे नेटवर्क फोन पकडतो आणि त्याचे दर फार महाग असतात.

केबिन कोणती?

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त, मग खिडकीची, मग गॅलरीची. दलाल वरच्या मजल्याची गॅलरी गळ्यात मारायला बघत होता. पण अब्बांचे एक जुने सोबती गावातच राहतात. त्यांनी सांगितले, ‘‘जहाज डुलतं ते टोकांना आणि वर जास्त. मध्यावर, खालच्या मजल्यावर झोपा.’’ आम्ही तशाच दोन आतल्या केबिन घेतल्या. पैसे वाचले आणि अम्मीला एकदाही मळमळले नाही. थोरलीला मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी त्रास झाला. उघड्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघत बसवले, आले-लिंबू दिले, तासाभरात बरी झाली. बोट लागण्याच्या गोळ्या मिळतात. पण रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. जहाजावर डॉक्टर असतो, पण फुकट नसतो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर प्रवासविमा काढाच.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या केबिनपर्यंत पोहोचायला तीन-चार तास लागतात. म्हणून औषधे, आधार कार्ड, जानमाज आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. अम्मीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या आणि त्या मिळेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला. इस्त्री चालत नाही. बाहेरचे खाणेही बहुधा चढवू देत नाहीत. अम्मीच्या रव्याच्या लाडवांचा डबा धक्क्यावरच राहिला. तपासणीवरच्या मुलीने ओशाळून माफी मागितली, तर अम्मीनेच तिला म्हटले, ‘‘मग तुम्हीच खा, बेटा.’’

केबिनमधले न्हाणीघर अगदी लहान असते. प्लॅस्टिकचा छोटा बदना किंवा मग बरोबर न्या, वजू सोपा होतो.

ताटात काय येईल?

दलालाला फोनवर विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘सब हलाल है, फिक्र मत करो.’’ आम्ही म्हटले, हेच लिहून द्या. लिहून यायला अकरा दिवस लागले आणि उत्तर वेगळे आले. कोंबडी आणि मटण हलाल पुरवठादाराकडून येते, मात्र काही दिवशी डुकराच्या मांसाचे पदार्थही त्याच स्वयंपाकघरात होतात. फोनवरच्या शब्दावर विसंबलो असतो तर काय झाले असते!

म्हणून ‘हलाल आहे का?’ एवढेच विचारू नका. पुढचे विचारा. भांडी, तवे आणि तळणीचे तेल वेगळे आहे का? सॉसमध्ये, केकमध्ये, पुडिंगमध्ये दारू घालतात का? जेलीत जिलेटिन कशाचे आहे? आम्ही सरळ ठरवले की मांस खायचेच नाही. शाकाहारी विभाग वेगळा होता, त्याशेजारी जैन विभाग. तेथले जेवण उत्तम होते. फक्त तिसऱ्या दिवशी धाकट्याला कांद्याची फार आठवण झाली. मुख्य आचाऱ्याशी चढल्याबरोबर बोललो, तेव्हा त्याने आमच्यासाठी धुतलेल्या तव्यावर अंडी करून देण्याची व्यवस्था केली. माणसे चांगली असतात, पण न मागता कळत नाही.

बार आहे, जुगाराचा हॉल आहे, रात्री गाणीबजावणी आहे. हे नाकारून चालणार नाही. थोरली सतरा वर्षांची आहे. निघण्याआधीच तिच्याशी बोललो होतो की कोठे जायचे नाही आणि का. दररोजचा कार्यक्रम छापील मिळतो. सकाळी बसून त्यातले आपल्याला चालणारे निवडायचो. जलतरण तलाव स्त्री-पुरुषांचा एकत्र होता, म्हणून लेकीने तो सोडला. मागच्या डेकवर फजरनंतर कोणीही नसे. ती जागा आम्ही पाचही दिवस आमचीच मानली.

किब्ला कोणीकडे?

आम्ही कोकणातले शाफई. रत्नागिरीहून निघाल्यापासूनच मुसाफिर होतो. त्यामुळे चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकात केल्या, जुहर-अस्र आणि मगरिब-इशा एकत्र केल्या. हनफी घरांत कसर आहे, पण अशी जमा नाही. आपापल्या आलिमांना निघण्याआधीच विचारून घ्यावे. मध्ये शुक्रवार आला. सफरीत जुमा फर्ज नसल्याने जुहर अदा केली.

किब्ल्याचा घोळ मात्र अपेक्षित नव्हता. मोबाइलचे होकायंत्र आतल्या केबिनमध्ये दर वेळी वेगळी दिशा दाखवी. सगळीकडे पोलाद, त्याचा हा परिणाम. शेवटी केबिनमधल्या टीव्हीने वाट दाखवली. त्यावर जहाजाचा नकाशा आणि नाकाची दिशा सतत दिसत असते. मुंबईला किब्ला पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे असतो. दक्षिणेला जाऊ तसा तो आणखी उत्तरेकडे कलतो, लक्षद्वीपपाशी पश्चिम आणि वायव्य यांच्या साधारण मध्ये. जहाजाने वळण घेतले तर नमाजी वळेल. डुलण्याने उभे राहणे शक्य नसेल तर बसून. अम्मी गुडघ्यांमुळे एरवीही खुर्चीवरच पढते.

छोटी होडी

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही विचारायला विसरलो : जहाज धक्क्याला लागते की बाहेर नांगर टाकते? अगत्तीला मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबते आणि तेथून लहान होड्यांनी बेटावर नेतात. होडी वर-खाली होत असते आणि तिच्यात पाऊल टाकण्याची वेळ साधावी लागते. सत्तरीच्या अम्मीला हे जमेल का? आम्ही म्हटले, ‘‘तू वरच थांब, आम्ही एक जण तुझ्यापाशी राहतो.’’ ती काहीच बोलली नाही.

खालच्या होडीतल्या खलाशाने वर पाहिले, सलाम केला आणि ‘‘उम्मा,’’ म्हणत दोन्ही हात पुढे केले. त्याची भाषा मल्याळम, आमची मराठी. ‘उम्मा’ म्हणजे आई एवढे समजले. लाट वर आली तसा तो ‘‘आता’’ अशी मान हलवी. तिसऱ्या लाटेला अम्मी होडीत होती. आमच्याच छातीत धडधड होत होती! तरीही ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आहे, त्यांनी हा प्रश्न तिकिटाआधी विचारावा. समुद्र खवळलेला असेल तर बेटावर उतरणेच रद्द होते, हेही लक्षात ठेवा. पावसाळ्यानंतरचे, थंडीचे महिने त्यासाठी बरे.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. आमचा जहाजवाल्यांनीच काढला होता. 36 बेटांपैकी वस्ती फक्त 10 बेटांवर, आणि लोकसंख्येत 2011 च्या जनगणनेनुसार 96 टक्क्यांहून अधिक मुसलमान. तेही आमच्यासारखे शाफई. एक बंगाराम सोडले तर बेटांवर दारूबंदी आहे. पांढरी वाळू, आतले पाणी उथळ आणि हिरवट निळे. काचेच्या तळाच्या होडीतून मुलांनी प्रवाळ पाहिले. गावात फिरायला वेळ मिळाला नाही, हीच एक खंत. पण नारळींच्या मागून जुहरची अजान आली, तेव्हा अम्मीने पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘इतक्या लांब येऊन आपल्याच घरी आलो.’’

शेवटची रात्र

जहाज सुटण्याआधी सर्वांना सुरक्षेचा सराव करावा लागतो. सात आखूड भोंगे आणि एक लांब. हा सराव टाळू नका. अब्बांच्या तोंडून अम्मीने हे इतक्या वेळा ऐकले होते की भोंगा वाजू लागताच ती बोटांवर मोजत होती.

तिला इंजिन-खाते बघायचे होते. आम्ही विचारून पाहिले. सुरक्षेच्या नियमामुळे प्रवाशांना तेथे जाता येत नाही. तिने ‘‘बरं’’ म्हटले. शेवटच्या रात्री मध्येच जाग आली तर अम्मी पलंगावर बसलेली, एक हात भिंतीला टेकवलेला. काही होतंय का विचारले. ती म्हणाली, ‘‘हात लाव.’’ भिंत बारीक थरथरत होती. खालच्या मजल्यावर, मध्यावर, इंजिनाच्या जवळच आमची केबिन होती. ‘‘घरी आले की दोन-तीन रात्री त्यांना झोप लागत नसे,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणायचे, फार शांत आहे. मला वाटायचं, थट्टा करतात.’’

आणखी थोडा वेळ तिने हात तसाच ठेवला. मग दुआ पढली आणि झोपली.

सकाळी मुंबई आली. धक्क्यावरच्या तपासणीच्या टेबलावर आमचा लाडवांचा डबा धुऊन पुसून ठेवलेला होता. रिकामा.