मावशी

मामा नेसायचे ते मामीचं हिरवं इरकली लुगडं; ट्रंकेतून ते निघालं की डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर व्हायचा, मग त्यात सफेद्याचा आणि खोबरेलाचा वास मिसळायचा, आणि गिरणीत पहिली पाळी करून आलेला, केसांत अजून कापसाची तूस असलेला तो थोराड माणूस बघता बघता गवळणीतली मावशी व्हायचा. मामी निऱ्या घालून द्यायची आणि दर वेळी बजावायची, "काजळाचा डाग पाडू नका हं."

जिन्याखाली वर्तमानपत्रं पेटवून डफ शेकायचे. तापल्या कातड्याचा तो करपट वास, तुणतुण्याची तार पिळताना चढत जाणारा सूर, झीलकऱ्यांचं खाकरणं... परळ-लालबागेत वाढला असाल तर तुम्हालाही हे आठवत असेल. शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे, 'विच्छा माझी पुरी करा'मधले दादा कोंडके तर शेजारच्या नायगावचे. आमच्या कलापथकातल्या सगळ्यांना ते घरचेच वाटायचे. बतावणीची लय मात्र पथकातली ही माणसं साताऱ्याहून, कोकणातून येताना गावाकडूनच घेऊन आली होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांबरोबर झीलकरीही पांगले. उरलेल्यांना मामा दर गणपतीत जमवत राहिले, शेवटपर्यंत.

कलापथकाच्या पन्नाशीच्या कार्यक्रमाला ते नव्हते. मावशी एका तरुण मुलानं केली, आणि मनापासून सांगते, छान केली. पण पेंद्यानं थट्टा केली की मामा लगेच उत्तर देत नसत. कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून ते नुसतं बघत राहायचे, तेवढ्यात मागच्या बाकांवरचं हसू पुढं सरकत यायचं, आणि मग कुठं त्यांचं उत्तर आणि त्यावर ढोलकीची थाप. या मुलानं उत्तर झटकन दिलं. लोक हसले, हसून थांबलेही, आणि ढोलकीवाल्या काकांची थाप मात्र मामांच्याच वेळेला पडली. मामीनं अंधारात माझं मनगट घट्ट धरलं. तीही ते क्षण मोजत होती.

तुमच्या ओळखीत असा कुणी जुना सोंगाड्या असेल, तर त्याच्यासमोर जाऊन बसा, त्याला एखादी बतावणी म्हणायला लावा आणि ती टिपून ठेवा. आमच्याकडे मामांच्या आवाजाची एकही कॅसेट नाही.