हरवलेल्या पुडक्याचे मोल

मराठी प्रदेशाबाहेर दीर्घकाळ राहणाऱ्या माणसाचा मातृभाषेशी असलेला संबंध बराचसा पुडक्यांच्या आधारे टिकून असतो. दिवाळी अंक, घरची भाजणी, कोणी आठवणीने धाडलेला जुना कोश, हे सारे दिल्लीत माझ्या दारी येते ते सुतळीने किंवा चिकटपट्टीने जखडूनच. त्यामुळे पुडके गहाळ होणे ही आम्हा परप्रांतस्थांना केवळ व्यवहारातील गैरसोय वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील आमच्या गावाहून तीन पुडकी एका खाजगी कुरिअरने एकाच दिवशी निघाली. त्यांत माझ्या मावशीने आयुष्यभर उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या वह्या होत्या. एक पुडके सुखरूप आले. दुसरे पावसात भिजले होते. शाई उतरून एका पानावरची ओवी समोरच्या पानावर उलटी उमटली होती. तिसरे आलेच नाही. संगणकावर मात्र ते 'पोचते झाले' अशी नोंद होती.

भिजलेले पुडके घेताना पोचपावतीवर 'वेष्टन फाटलेले, आतील कागद ओले' असा शेरा लिहून मगच मी सही केली, आणि वेष्टनही जपून ठेवले. तिसऱ्यासाठी लेखी तक्रार केली. उत्तरादाखल पावतीच्या पाठीवरील बारीक अक्षरे दाखविण्यात आली: मूल्य आधी जाहीर केले नसल्यास भरपाई शंभर रुपयांपुरती. असे कलम पोकळ नसते. सही केलेल्या पावतीवरील दायित्वाची मर्यादा बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच दिलेला आहे. टपाल खात्यालाही १८९८ च्या अधिनियमाने असेच संरक्षण दिले होते आणि २०२३ च्या नव्या अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे. नियमांत पत्करले असेल तेवढेच दायित्व.

तरीही टपालाच्या व्यवस्थेविषयी मला आदर वाटतो. पत्ता न लागलेली टपालवस्तू तेथे रिटर्न्ड लेटर ऑफिसात जाते आणि पाठविणाऱ्याचा शोध घेण्यासाठी अधिकाऱ्याच्या हस्ते उघडली जाते. पुडक्याच्या आतही पत्त्याची चिठ्ठी ठेवावी, हा जुन्या माणसांचा परिपाठ त्यासाठीच. शिवाय १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी तसेच संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते लिहिणाऱ्यांच्या अनेक लिप्या, यांतून वाट काढणारे सहा अंक एका कवीने योजावेत, यात मला औचित्य दिसते.

पुढे कंपनीच्या कारकुनाने फोनवर विचारले, "वस्तूची किंमत किती?" कोऱ्या वहीला किंमत असते, लिहिलेल्या वहीची कोणत्या रकान्यात मांडावी? भीतभीतच मी मावशीला बातमी कळविली. ती म्हणाली, "अरे, वही गेली. मी कुठं गेलेय?" आणि तेथेच तिने म्हणायला सुरुवात केली.

रोज सायंकाळी ती सांगे, मी लिहून घेई. जी ओवी भिजलेल्या वहीत अर्धवट वाचता येत होती, तीच तिच्या मुखातून निराळी येऊ लागली. कोठे भावाच्या जागी लेक आली, कोठे एक चरण वाढला. विचारले तर म्हणे, "तेव्हा तसं होतं, आता असं आहे." पाठभेदांचे शास्त्र मी वर्गात अनेक वर्षे शिकविले, पाठ आणि पाठभेद दोन्ही एकाच कंठात नांदतात, हे मात्र तेव्हा प्रत्यक्ष अनुभवले.

सारेच असे परत आले नाही. हरवलेल्या वह्यांत शेजारणींनी सांगितलेल्या ओव्याही होत्या, आणि त्या शेजारणी आता हयात नाहीत. मावशीला त्यांची नावे आठवतात, कोणाचे माहेर कोठले तेही आठवते. कोणाचा आवाज चढा होता आणि कोण दळताना रडत असे, हेही ती सांगते. ओव्या मात्र आठवत नाहीत. "त्या त्यांच्या होत्या," ती म्हणते. मी नव्या वहीत त्यांची नावे लिहून प्रत्येकीपुढे एकेक पान कोरे ठेवले आहे.